मॉरिशसला आठ-दहा तासांचा हॉल्ट असेल तर पोर्ट लुई कसं बघायचं

आपल्या जळगाव-धुळ्याकडची ठिबकवाली, पाईपवाली पोरं कामाला मादागास्करकडे, दक्षिण आफ्रिकेकडे जातात, कोणाची मुलगी रियुनियनला दिलेली असते, कोणी पर्थला भावाकडे निघालेलं असतं, आणि स्वस्तातलं तिकीट शोधता शोधता मुंबई-मॉरिशस-पुढे असं काहीतरी हाती लागतं. मधे आठ-दहा तास मोकळे. मग घरात चर्चा सुरू होते की एवढ्या वेळात बाहेर पडायचं का, व्हिसा लागेल का, विमान चुकलं तर काय. बाहेर पडायचं भो, नक्की पडायचं, फक्त नीट ठरवून पडायचं. आणि बीचच्या मागे न लागता राजधानी बघायची, कारण पोर्ट लुई लहान आहे, पायी होतं, आणि तिथे एक जागा अशी आहे की जी आपण भारतातल्या माणसांनी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी तासांचा हिशोब

एअरपोर्ट आणि पोर्ट लुई एकमेकांना चिकटून नाहीत. सर शिवसागर रामगुलाम विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माहेबूर गावाजवळ, आणि राजधानी वायव्येला, मधलं अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या वर. रस्ता चांगला आहे, मोकळा असला तर तासाच्या आत पोचता, पण सकाळी ऑफिसच्या वेळेला शहरात शिरताना आणि दुपारी चारनंतर शहरातून निघताना जाम लागतो, तेव्हा दीड तास धरायचा. त्यात उतरल्यावर इमिग्रेशनचा तासभर घाला, आणि पुढच्या विमानाच्या अडीच-तीन तास आधी परत एअरपोर्टवर यायचं तेही घाला. म्हणजे आठ तासांच्या हॉल्टमधे हातात खरे दोन-सव्वादोन तासच उरतात, दहा असतील तर चार.

सात तासांपेक्षा कमी असेल तर पोर्ट लुईचं नावच काढू नका. माहेबूर गाठा, एअरपोर्टपासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे, खाडीकाठी शांत गाव, सोमवारी मोठा बाजार भरतो, आणि जवळच ब्लू बे आहे जिथे पाणी इतकं स्वच्छ की काठावरून तळ दिसतो. याच खाडीत ऑगस्ट १८१० मधे फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं होतं, पॅरिसच्या त्या मोठ्या कमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. तरी डिसेंबरपर्यंत बेट इंग्रजांनी घेतलंच.

वार पण बघून घ्या, याला लोक फसतात. रविवारी पोर्ट लुई ओस पडतं, म्युझियम बंद, दुकानं बंद, बाजार फार तर दुपारपर्यंत. शनिवारी पण बरंचसं शहर दुपारीच आवरतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते चार ही सोन्यासारखी वेळ. रात्री उतरून पहाटे पुढे जायचं असेल तर राजधानीत बघायला काही नाही, संध्याकाळी सहानंतर बंदराकाठचा दुकानांचा कोदाँ वॉटरफ्रंट सोडला तर रस्ते रिकामे होतात, त्यापेक्षा एअरपोर्टजवळ रूम घेऊन झोप काढा.

आणि हो, नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा तिकडे चक्रीवादळाचा सीझन. वॉर्निंगचे एक ते चार क्लास असतात, तीन नंबर लागला की सगळा देश घरात बसतो, बस बंद, दुकानं बंद. अशा वेळी बाहेर पडायचं नाही.

घरून निघताना

भारतीय पासपोर्टवर टूरिस्टला आधीपासून व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मारतात आणि त्याचे पैसे पण घेत नाहीत. पण पुढचं कन्फर्म तिकीट दाखवावं लागतं, राहणार असाल तर हॉटेलचं बुकिंग पण. त्यांचा एक ऑनलाईन फॉर्म आहे, मॉरिशस ऑल इन वन ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म, तो निघायच्या आधी भरून त्याची प्रिंट ठेवा, मोबाईलवर भरोसा ठेवू नका, चार्जिंग नेमकी रांगेतच संपते. येताना हॉल्ट असेल आणि आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशातून येत असाल तर लसीचं ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा.

मुंबईला चेक-इन करताना काउंटरवर स्पष्ट सांगा की बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग करा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर बहुतेक करून देतात, वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅग मॉरिशसला घ्यावी लागू शकते आणि मग ती ओढत शहर बघणं म्हणजे अवघड, तेव्हा हे तिकीट काढतानाच बघा. भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांनी मधे चार-पाच तासांची मोकळीक ठेवा, कल्याणच्या पुढे गाडी कुठे उभी राहील ते कोणी सांगू शकत नाही.

आपल्या लोकांना खास सांगायचं ते म्हणजे फळं, बिया, रोपं काहीही नेऊ नका. केळी नको, लिंबू नको, भरताची वांगी तर अजिबात नको, आणि कोणी म्हणालं की तिकडच्या मित्राला टिश्यू कल्चरची चार रोपं दे तर सरळ नाही म्हणा. बेट लहान आहे, एखादा रोग बाहेरून आला तर त्यांची शेती बसते, म्हणून तपासणी कडक असते, आणि परमिट नसेल तर माल जप्त. केळीवाल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत, आणि गोळ्या मूळ पाकिटातच.

पैशाचं म्हणाल तर तिथे पण रुपयाच आहे, मॉरिशियन रुपया, आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या मधे कुठेतरी धरा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण अ‍ॅपमधे इंटरनॅशनल चालू करावं लागतं आणि बाजारातल्या गाड्यांवर रोखच चालते, म्हणून एअरपोर्टवर थोडे बदलून घ्या, थोडेच. घड्याळ दीड तास मागे करा, आपल्याकडे बारा तर तिथे साडेदहा. हे उतरल्या उतरल्या करा, मोबाईल आपोआप बदलतो पण मनगटावरचं बदलत नाही आणि मग घोळ होतो.

कपडे सुती, टोपी, पाण्याची बाटली. पंचेचाळीस डिग्रीतल्या माणसाला तिथली तिशी-बत्तिशी किरकोळ वाटेल, पण हवा दमट, घाम वाळतच नाही, अर्ध्या तासात अंग चिकट होतं. नाना, माय अशी वयस्कर मंडळी सोबत असतील तर किल्ल्याचा चढ प्लॅनमधून काढूनच टाका.

शहरात कसं जायचं

बस आहे, एअरपोर्टवरून माहेबूर-पोर्ट लुई लाईनची मिळते आणि ती व्हिक्टोरिया स्टँडला सोडते, स्वस्त आहे, खिडकीतून उसाचे मळे बघत जाता येतं. पण हॉल्ट असताना जाताना तरी टॅक्सीच घ्या असं माझं मत. मीटरच्या भरवशावर बसू नका, भाव आधी ठरवा, आणि जाऊन-येऊन थांबून किती असं एकदमच विचारा. चौघं असाल तर परवडतं. ड्रायव्हर बहुतेक हिंदी समजतात, वयस्कर असेल तर भोजपुरी पण येते, इंग्लिश-फ्रेंच सगळ्यांनाच. एकमेकांत मात्र क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली बोलतात. सकाळी भेटलं की बोंझूर म्हणायचं आणि मग विचारायचं, नुसतं "किती?" म्हणून तोंड घातलं तर त्यांना ते बरं वाटत नाही.

मेट्रो पण आहे, २०१९ साली उद्घाटन झालं, आपल्या एल अँड टीने बांधली, भारत सरकारची मदत होती. पण ती पोर्ट लुई ते क्युरपीप धावते, एअरपोर्टपर्यंत येत नाही, म्हणून हॉल्टवाल्यांच्या कामाची नाही.

पहिलं ठिकाण आप्रवासी घाट, दुसरं कुठलंच नाही

टॅक्सीला सरळ सांगा, आप्रवासी घाट. बंदराजवळ, जुन्या पोस्ट ऑफिसच्या अलीकडे-पलीकडेच आहे. आधी इथेच का, तर हे लवकर बंद होतं, आणि बाकी शहर नंतर बघितलं की ते वेगळं दिसतं.

गोष्ट अशी की मॉरिशसला १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी कायद्याने संपली, आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. इंग्रज सरकारला बघायचं होतं की गुलामांऐवजी करारावरच्या मजुरांवर मळे चालतात का. २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलस नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन इथे लागलं. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये. ते चाललं, मग जहाजांवर जहाजं आली, आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसं या बंदरावर उतरली. बिहार-उत्तर प्रदेशची सगळ्यात जास्त, मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून आलेली मराठी माणसं, बहुतेक कोकणपट्टीतली. गिरमिटिया म्हणतात ते हेच. २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

आत गेल्यावर मोठा राजवाडा वगैरे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. थोडीशीच जागा आहे, दगडी भिंती, शेडचे अवशेष, स्वयंपाकघराची जागा, दवाखान्याचा भाग, संडासाचे चौथरे. डेपोचा बराचसा भाग नंतर हायवेमधे गेला. आणि सोळा पायऱ्या. जहाजातून होडीने येऊन माणसं याच पायऱ्यांवरून वर आली. पुढे भराव पडला, म्हणून समुद्र आता तिथे तसा लागत नाही, नुसत्या पायऱ्या उरल्यात. उतरल्यावर इथे दोन दिवस ठेवायचे, नाव लिहायचे, नंबर द्यायचे, मग मळेवाला घेऊन जायचा. वर चढून उभं राहा दोन मिनिटं. आपण पासपोर्टवर शिक्का मारून, परतीचं तिकीट खिशात घेऊन दोन-अडीच तासांपूर्वी या बेटावर उतरलेलो असतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी घर परत बघितलं नाही.

बाजूला बिक्रमसिंग रामलाल इंटरप्रिटेशन सेंटर आहे, २०१४ ला सुरू झालं, ते बघितल्याशिवाय नुसती दगडं बघून निघू नका, सगळं तिथे नीट मांडलंय, तिकीट नाही. पाऊण तास तरी द्या. गाईड असेल तर विचारा की मुंबईहून आलेल्यांचं काय, त्यांना मराठी माणूस आला की सांगायला आवडतं. नोंदींची मूळ रजिस्टरं आणि मजुरांचे फोटो मोका नावाच्या गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे जपून ठेवलेत, तिथले लोक आपल्या पणजोबाचं गाव शोधायला त्याच कागदांकडे जातात.

मराठी तिथे अजून शाळेत शिकवतात, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, जाखडी नाच त्यांनी टिकवून ठेवलाय, आणि मोक्याला २०२३ मधे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला. मोका पोर्ट लुईपासून जवळ आहे, दहा तास असतील आणि टॅक्सी दिवसभराची असेल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

बाजार आणि पोटोबा

घाटावरून पायी पाच-सात मिनिटांत सेंट्रल मार्केट. खाली भाजीपाला, फळं, मसाले, वर टोपल्या, शर्ट, डोडो पक्ष्याच्या बाहुल्या. भाजीबाजार खरा बघण्यासारखा, चायोट नावाची फिकट हिरवी पेरूसारखी दिसणारी भाजी, छोटे गोड अननस, मिरच्यांचे ढीग. वरच्या मजल्यावर भाव करावाच लागतो, सांगितलेला पहिला भाव टूरिस्टचा असतो. मटण-मच्छीचा भाग वेगळा आहे, ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी तिकडे वळू नये.

खायला धोल पुरी. हीच खा, हॉटेल शोधत बसू नका. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलेली पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीतून गूळ काढला तर जे होईल ते, फक्त फार मऊ. दोन-दोनची जोडी देतात, आत वालासारख्या मोठ्या बियांची रस्सा भाजी, टोमॅटोची रुगाय, लोणचं आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. ती चटणी कमी समजू नका, आपल्या खान्देशी तोंडाला पण लागते. मॉरिशसभर गरीब-श्रीमंत सगळे हेच खातात, आणि रांग जिथे मोठी तिथे जा, दुपारी बारा-साडेबाराच्या आत, नंतर संपते. शाकाहारी मंडळींनी गाडीवर विचारून घ्या, काही ठिकाणी त्याच पुरीत मटणाची भाजी पण देतात. क्रिओलमधे "साँ लाव्यान" म्हटलं की मांस नको एवढं कळतं.

सोबत गातो पिमाँ, म्हणजे हरभरा डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे, आणि वर बाजारातला आलुदा, दूध, सब्जा, अगर-अगर, थंडगार. घामाने हैराण झालेल्या माणसाला तो आलुदा काय वाटतो ते प्यायल्याशिवाय कळत नाही. कापलेल्या अननसावर मिरची-मीठ-चिंच लावून देतात, तोही घ्या.

मग पायी चक्कर

बाजाराच्या बाजूलाच रॉयल स्ट्रीट, तिथे जुम्मा मशीद, १८५० च्या दशकातली, पांढरी, नक्षीदार, आणि तिला लागूनच चायनाटाऊनची कमान. नमाजाची वेळ सोडून आत अंगणात जाऊ देतात, कपडे अंगभर असावेत. इथून वर डोंगरावर फोर्ट अ‍ॅडलेड दिसतो, त्याला सिटाडेल म्हणतात. इंग्रजांनी १८३४ ते १८४० मधे बांधला, चौथ्या विल्यमच्या राणीचं नाव दिलं. पंधरा-वीस मिनिटांचा चांगलाच चढ आहे. वरून बंदर, शहर, आणि डोक्यावर दगड ठेवल्यासारखा दिसणारा पीटर बोथ डोंगर, आणि खाली शाँ द मार्सचं घोड्यांचं मैदान. १८१२ पासून तिथे शर्यती होतात, दक्षिण गोलार्धातलं सगळ्यात जुनं रेसकोर्स, आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्याचा झेंडा तिथेच पहिल्यांदा वर गेला. १२ मार्च ही तारीख गांधीजींच्या दांडी यात्रेची. गांधीजी स्वतः १९०१ मधे आफ्रिकेतून येताना मॉरिशसला थांबले होते, जहाजाच्या हॉल्टमुळेच. फक्त दोन तास असतील तर मात्र किल्ल्यावर चढू नका, खालूनच बघा.

खाली उतरून कंपनी गार्डन, मोठमोठे वड, सावली, बसायला बाकं. लागूनच नॅचरल हिस्टरी म्युझियम, लहानसं, जुन्या धाटणीचं, पण आत डोडोचा सांगाडा आहे. डोडो फक्त याच बेटावर होता, डच लोक १५९८ ला आले आणि शंभर वर्षं पण झाली नाहीत तोवर तो संपला. इथला सांगाडा एकाच पक्ष्याचा, पूर्ण असा जगात हा एकच, आणि तो एका न्हावी काम करणाऱ्या माणसाने, एत्येन थिरिऊने, १९०४ च्या आसपास डोंगरातून शोधून काढला. मुलं सोबत असतील तर हे चुकवू नका.

तिथून प्लास द आर्म हा चौक, दोन्ही बाजूंना उंच ताडासारखी पामची झाडं, एका टोकाला सरकारी वाडा आणि त्याच्यासमोर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा, दुसऱ्या टोकाला बंदराकडे तोंड करून फ्रेंच गव्हर्नर लाबूर्दोनेचा पुतळा, ज्याने १७३५ नंतर हे बंदर उभं केलं. हायवेखालच्या भुयारी रस्त्याने कोदाँ वॉटरफ्रंटला निघायचं. दुकानं महाग, पण संडास स्वच्छ आहेत, वायफाय मिळतं, पाण्याकाठी बसता येतं. तिथेच ब्लू पेनी म्युझियम, १८४७ ची मॉरिशसची पोस्टाची तिकिटं, एक नारिंगी, एक निळं, जगातल्या सगळ्यात मौल्यवान तिकिटांतली. मूळ तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, उजेडाने रंग उडू नये म्हणून, त्यामुळे आत जायचं तिकीट काढायच्या आधी काउंटरवर पुढचा दिवा कधी ते विचारा. तिकिटांचा नाद नसेल तर हे सोडलं तरी चालेल, पैसे पडतात.

आणखी वेळ असेल तर

बारा तासांच्या वर असेल तर पाँप्लमूसची बाग, उत्तरेला साधारण अकरा किलोमीटर, बस घाटाशेजारच्या इमिग्रेशन स्क्वेअरवरून सुटते. ताटाएवढी नाही तर परातीएवढी पानं असलेलं राक्षसी कमळ, आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारं तालीपोट पाम. पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने १७७० च्या सुमारास जायफळ, लवंग डच लोकांची नजर चुकवून इथे आणून लावली. शेतकरी माणसाचा इथे वेळ कसा जातो कळत नाही, घड्याळ बघत राहा. गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती लोक सुचवतील, हॉल्टमधे ते धरू नका, ते पुढच्या वेळी चार दिवस काढून.

परत निघताना

विमानाच्या वेळेतून साडेचार तास वजा करा, त्या वेळेला टॅक्सीत बसलेलं पाहिजे. निघायची वेळ दुपारी चारच्या पुढे येत असेल तर पाच तास. टॅक्सी थांबवून ठेवली असेल तर ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून घ्या, भेटायची जागा कोदाँ ठेवा, बाजारात नको, तिथे गाडी उभी करू देत नाहीत. उरलेले मॉरिशियन रुपये एअरपोर्टवर बदलायला गेलात तर नुकसान होतं, सिक्के तर घेतच नाहीत, म्हणून बाजारातच व्हॅनिलाचा चहा किंवा कच्ची साखर घेऊन संपवा. अननस मात्र एअरपोर्टमधे शिरायच्या आधीच खाऊन टाका, पुढच्या देशातही फळं नेऊ देतीलच असं नाही.